भूमध्य समुद्राचं पाणी

विक्रांतने आयर्लंडच्या पश्चिम टोकाला कीमच्या किनाऱ्यावर गाडी लावली, तेव्हा नॉक विमानतळावरून सुटणारं, स्पेनमधल्या मालागाचं विमान कधीच उडून गेलं होतं. बॅगा मात्र डिकीतच होत्या.

चूक त्याचीच. स्वतःला आयरिश पासपोर्ट मिळाला होता. एकदा आपली रांग बदलली की माणसाला दुसऱ्याची रांग दिसेनाशी होते. बाबांच्या आयर्लंडच्या व्हिसावर स्पेनला जाता येत नाही, हे त्याला चेक-इनच्या बाईने सांगितलं. बाबांना, म्हणजे नागपूरच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेल्या नंदकुमार मास्तरांना, फळ्यावर काढलेला भूमध्य समुद्र एकदा डोळ्यांनी बघायचा होता. आणि काचबिंदूने नजर कडांकडून मिटत आली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, बघायचं ते लवकर बघून घ्या. गुरुवारी ते नागपूरला परत निघणार होते. विक्रांतला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"इट्स ग्रँड, आजोबा," मास्तरांना हाताला धरून वाळूत उतरवत नात क्षितिजा म्हणाली. "लुक, इट्स सो ब्लू."

निळं होतंच. तिन्ही बाजूंनी हिरवे डोंगर आणि मधे वाटीएवढा समुद्र. मास्तरांनी मान वळवून वळवून तो तुकड्यातुकड्याने पाहिला.

"बाबा, पुढच्या वर्षी नक्की," विक्रांत म्हणाला.

"पुढच्या वर्षी तू बघून ये, अन् मला सांग कसा आहे ते." आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

मास्तरांनी पँट दुमडली आणि ते पाण्यात शिरले. पाणी बर्फासारखं होतं. ते पाय रोवून उभे राहिले.

"हा अटलांटिक ना रे?"

"हो."

"भूमध्य समुद्र उन्हानं आटत राहते. त्याच्या नद्या त्याला पुरत नाहीत. मग ती तूट कोण भरते? नववीत विचारलं होतं तुला, उभं करून."

विक्रांतला वर्ग आठवला, बाकही आठवला. "अटलांटिक," तो म्हणाला. "जिब्राल्टरमधून."

"बस. तेव्हा नव्हतं आलं."

मास्तरांनी वाकून ओंजळ भरली. डोळ्यांच्या अगदी समोर धरून ती बराच वेळ पाहिली. मग सूर्याकडे बघून दक्षिण ठरवली, तिकडे तोंड केलं आणि पाणी हळूच सोडून दिलं.

"जा," ते म्हणाले. "तुला कोण अडवते."