गद्दार कोण?

आठ वर्षांपूर्वी आमगावच्या तंबूत जासुसी सिनेमा बघताना मध्यांतरातच ग्यानीरामला फणफणून ताप भरला. त्याचा दोस्त चैतराम त्याला घरी पोचवून, "उरलेला पाहून येतो," म्हणत घराबाहेर पडला. पुढं कधीही "गद्दार कोण होता?" विचारलं, की चैतराम म्हणे, "सिनेमा परत येईल, तवा पाहजो."

यंदा शौकिनांच्या हट्टापायी टॉकीजवाल्यानं तोच सिनेमा पुन्हा आणला. गद्दाराचं सोंग उघडं पडलं, तसा ग्यानीराम हरखून दोस्ताकडे वळला. चैतरामनंही आ वासला होता.

"तुले माहीत नोतं?"

"तू तापानं बरळून राहिला होता," चैतराम पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "तुया पडवीतूनच माया पाय निघाला नाही बे."