गंधारची नक्षी

"गंधार, ये रे बाळा!" गाण्याचे क्लास घेणाऱ्या कुंदाताईंनी हाक मारली. त्यांचा बुटका डॅशहंड कुत्रा पाठ फिरवून उन्हात बसला होता. त्याचा कानसुद्धा हलला नाही.

पिल्लाचा रंग जन्माआधीच ठरवून घेणं आता मिरजेतही नवलाचं राहिलं नव्हतं. गल्लीत कुणाकडे नसेल अशी नक्षी कुंदाताईंना हवी होती. दवाखान्यातल्या पडद्यावर बोट फिरवत त्या राखाडी अंगावरचे पांढरे शिंतोडे वाढवतच गेल्या.

"बाई, आणखी पांढरा घेतलात तर त्याला ऐकू येणार नाही," डॉक्टर म्हणाले होते.

"नाही तर नाही! मला कुठं त्याला गाणं शिकवायचंय?" म्हणत त्या हसल्या होत्या.

आता त्यांनी तंबोरा फरशीवर आडवा ठेवला, तारा छेडल्या आणि यमन सुरू केला. फरशीतून थरथर पोचली असावी. गंधार उठून आला आणि भोपळ्यावर हनुवटी टेकून त्यानं डोळे मिटले. कुंदाताईंचं गाणं अर्ध्यावरच थांबलं, बोटं तेवढी तारांवर फिरत राहिली. त्याला ते कळलंच नाही.

मग तारा थांबल्या, तेव्हा मात्र मान वर करून तो पडद्यावर फिरलेल्या त्यांच्या त्याच बोटांकडे बघत राहिला.