चक्कीतला बल्ब

“गावची लाइट गेली का तुमचं ते यंतरबी बंद करत जा, बाई. आमचे हे खांबावर रायते,” लाइनमनची बायको पंचफुला सांगून गेली होती. सुमित्राने तेव्हा हसण्यावारी नेलं. “ते उन्हावर चालतं गं. तुमच्या तारेशी त्याचा काय संबंध?”

आज भर दुपारी लाइट गेली आणि सुमित्राच्या नवऱ्याला, घनश्यामला, आनंदच झाला. शाळेत विज्ञान शिकवायचा तो. छपरावर सौर पट्ट्या, कोठीच्या खोलीत बॅटऱ्या आणि पत्र्याच्या पेटीतला इन्व्हर्टर. शहाऐंशी साली सगळ्या सेलूत असं घर एकच. तेच बघायला शाळा चालवणाऱ्या संस्थेचे वासुदेवराव चार पाहुणे घेऊन आले होते. घनश्यामने दोन्ही टोकांना पिना असलेली वायर काढली. एक टोक पेटीत खुपसलं, दुसरं भिंतीतल्या प्लगमध्ये. त्या उघड्या पिनांपायी सुमित्रा लेकराला तिकडे फिरकू देत नसे.

बैठकीतला पंखा फिरू लागला.

कडेवर लेकरू आणि दुसऱ्या हातात चहाचा ट्रे घेऊन ती बाहेर आली, तर दारातून समोरची पिठाची चक्की दिसली. चक्कीच्या अंधारात बल्ब पेटला होता. मंद, तांबूस.

“लाइट आली वाटते,” एक पाहुणा म्हणाला.

“आली नाही!” घनश्याम ओट्यावर धावला. “ती आपल्या छपराची वीज आहे! घर तारेला जोडणारा मेन स्विच मुद्दाम चालू ठेवलाय मी. उन्हाची वीज सरकारी तारेत चढली, बघा, समोरच्या घरात पोचली!”

“मास्तर, कमाल करून राह्यले तुम्ही!” वासुदेवरावांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच.

सुमित्राची नजर तारेवरून पुढे गेली. चक्कीपलीकडच्या खांबाला सायकल टेकवलेली होती. वर पुनाजी चढत होता, पंचफुलाचा नवरा. ट्रान्सफॉर्मरचे फ्यूज काढूनच आला असणार तो. त्याच्या लेखी तार मेलेली. हात उघडे.

“अहो, मेन पाडा. पुनाजी खांबावर आहे.”

“पाच मिनिटं थांब.”

“आत्ता पाडा!”

“वहिनी, चहा ठेवा आधी,” वासुदेवराव हसले. “त्याले काय होते? वांदरावानी रोज चढते तो.”

तिने ट्रे ठेवला नाही, सोडला. कपबशा फुटल्या, लेकरू दचकून रडू लागलं. ती मेनकडे निघाली, तर घनश्याम आडवा आला.

“पाहुण्यांसमोर तमाशा करू नको.”

“आग लागो तुमच्या पाहुण्यांना!” कोपराने त्याला बाजूला सारून तिने मेनचा दांडा खाली ओढला.

चक्कीतला बल्ब विझला.

बैठकीतला पंखा तसाच फिरत राहिला. घरातलं काहीच बंद पडलं नाही. पाहुण्यांना वारा मिळतच होता. त्यांच्या फक्त टाळ्या थांबल्या.

तेवढ्यात बाहेर सायकल पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ आणखी काहीतरी पडलं, जडसं.

कोणी जागचं हललं नाही. वासुदेवराव धोतरावरचा चहा झटकत होते. “वारा सुटलाय,” घनश्याम म्हणाला आणि त्याचा हात पुन्हा दांड्याकडे वळला. लेकराला खाली सोडून सुमित्राने दोन्ही हातांनी दांडा धरला. लेकरू तिच्या पदराला लोंबकळत रडत होतं.

आता सांगायचं तरी कोणाला? आतल्यांत उठणारं कोणी नव्हतं. दाराशी उभे राहून हे सगळं वाचणारे तुम्हीच काय ते उरला होतात.

“तुम्ही तरी बघत काय उभे राहिलात?” ती ओरडली. “मी हात काढला की हे परत वर करतील. तुम्ही जा. खांबाखाली जा, पुनाजीला हाक मारा. ओ देतो का बघा!”