भुजंगचं प्रेशर

गोळी कुटताना उजव्या हाताची दोन बोटं वाकेनात, म्हणून सोनूबाईनं वरवंटा डाव्या हातात घेतला. परवा भुजंगनं तिची बोटं दाराच्या फटीत धरून दार लोटलं होतं. भाकरी जरा करपली होती, एवढंच कारण.

पांढरी पूड तिनं वरणात कालवली, वरून लसणाची फोडणी दिली आणि ताट नवऱ्यापुढं ठेवलं. भुजंगनं बोटं चाटून जेवण केलं.

जाफराबाद ते भोकरदन जीप चालवणारा हा माणूस घराबाहेर कुणाला वावगा शब्द बोलायचा नाही. घरात मारायचा. पट्ट्यानं, चपलेनं, एकदा तापल्या उलथन्यानं. मारून झालं की खाटेवर बसून घाम पुसायचा आणि म्हणायचा, "प्रेशर हाय माझं. चढलं की मला कायबी समजत न्हाई."

भावकीनंही हेच पाठ केलं होतं. मोठं शहाणं प्रेशर होतं ते. रस्त्यात पोलिसांनी जीप अडवली तर गुमान खाली बसायचं आणि घराचा उंबरा ओलांडला की चढायचं.

गोळ्या सोनूबाईनं त्याच सकाळी गावच्या उपकेंद्रातून आणल्या होत्या. उषाबाई सिस्टरनं कार्डावर आकडा लिहिला आणि दम भरला होता. "एकशे नव्वद म्हणजे खेळ न्हाई. रोज एक गोळी. चुकली तर एक दिवस मेंदूतली शीर फुटंल."

शिरेचं सोनूबाईला फारसं काही वाटलं नाही. तिला हात थांबायला हवा होता.

त्यालाही कारण होतं. लेक तृप्ती दोन वर्षं माहेरी फिरकली नव्हती. आता तिला दिवस गेले होते आणि फोनवर तिनं साफ सांगितलं होतं, "बाबाचा हात थांबला तर पहिलं बाळंतपण तुझ्यापाशी. न्हाईतर मी इथंच बरी."

भुजंग गोळीचं नाव काढू द्यायचा नाही. "गोळ्या गिळायला मी काय म्हातारा हाय का?" म्हणून रोज वरवंटा, रोज वरण.

पहिल्या महिन्यात त्यानं दोनदाच मारलं. दुसऱ्या महिन्यात त्याचे पाय सुजले. बसल्या जागेवरून उठला की त्याला अंधारी यायची आणि तो भिंत धरायचा. भिंत धरलेल्या हातानं मारता येत नाही, एवढं तिला पुरेसं होतं. तिसऱ्या महिन्यात तिच्या अंगावर एकही नवा वळ नव्हता. जुन्या माराची आठवण म्हणून की काय, डोकं तेवढं ठणकायचं. ती फडकं घट्ट बांधून कामाला लागायची.

"गोळी चालू हाय ना?" उषाबाई दर महिन्याला विचारायची.

"एकबी चुकू देत न्हाई."

"डोकं दुखतं?"

"सकाळच्या पारी."

"जालन्याला मोठ्या डॉक्टरला दाखवावं लागंल. जल्दी."

"पोरीचं होऊन जाऊ द्या सिस्टर. मंग जाऊ."

पाचव्या महिन्यात तृप्ती यायला तयार झाली. फोन ठेवल्यावर सोनूबाई चुलीपुढं बसून रडली. असं सुखाचं रडणं तिच्या वाट्याला फार थोडं आलं होतं.

लेक यायच्या दिवशी तिनं सकाळीच आतली खोली रिकामी केली. भुजंगची स्टेपनी, ऑइलचे डबे, पाने, सगळं ओसरीवर मांडलं. भुजंग अंघोळ करून आला आणि थबकला.

"कुणाला विचारून हात लावला?"

कित्येक महिन्यांनी तो आवाज आला होता. सोनूबाईचे हात आपोआप डोक्यावर गेले. भुजंगनं पसाऱ्यातून चाक खोलायची लोखंडी टॉमी उचलली आणि उगारली. ती खाली यायच्या आतच सोनूबाई कुशीवर कोसळली. आवाज ऐकून शेजारचा पुंजाराम धावत आला. त्याला दिसलं ते एवढंच: बाई जमिनीवर आणि भुजंगच्या हातात लोखंड.

जालन्याच्या दवाखान्यात दुपारी तिचा जीव गेला.

तिचा भाऊ कल्याण हसनाबादहून आला तो पट्टा काढूनच. दवाखान्याच्या आवारात त्यानं भुजंगला लोळवला. बक्कल आधी कपाळावर बसलं, मग ओठावर. दोन दात रक्ताबरोबर मातीत पडले. भुजंगनं उठायचा प्रयत्न केला, पण डोळ्यांपुढं अंधारी येऊन तो पुन्हा गुडघ्यावर आला.

"आज म्या हात लावला न्हाई," तो रडत म्हणाला. "आईची आण. आज न्हाई."

"आज न्हाई म्हंतो," कल्याणनं बरगडीत लाथ घातली. बरगडीचा आवाज सोबत आलेल्या पुंजारामाला ऐकू आला. कुणी मध्ये पडलं नाही. खरं सांगायचं तर बघणाऱ्यांना बरंच वाटत होतं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा कल्याणचा हात पुन्हा वर गेला होता.

"थांबा. डोक्याला कुठंही मार नाही. मेंदूत रक्तस्राव झालाय, प्रेशरनं."

कल्याणला ते कळेना. "प्रेशर तर ह्याला हाय, साहेब. साऱ्या गावाला ठावं हाय."

अँब्युलन्समधून सोबत आलेली उषाबाई पायरीवर बसली होती. डोळे पुसून ती उठली.

"ह्यांच्या दंडाला तर म्या कधी पट्टासुदिक बांधला न्हाई," ती म्हणाली. "प्रेशर सोनूताईचं होतं. पाच महिने झाले, दर महिन्याला तिच्या गोळ्या तिच्याच हातात देत आल्ते, तरी आकडा उतरंना. ती तर म्हणायची एकबी चुकत न्हाई. मंग एवढ्या गोळ्या गेल्या कुठं?"