हुशार अँटेना

अँटेना बसवणाऱ्याचं डोकं पार फिरलं होतं. एकाच गच्चीवर ही त्याची तिसरी खेप, आणि खालून काकूंचा आवाज काही थांबत नव्हता. "अहो, नेट येणार की नाही? लेक तिकडून फोन लावून लावून दमली!"

"येतंय हो, काकू!" तो दात-ओठ खात ओरडला.

ही नवी अँटेना म्हणे हुशार. डोक्यावरून जाणारा उपग्रह आपला आपण शोधते, आपली आपण तिकडे वळते. पण हिचं भलतंच! तो तिचं तोंड आभाळाकडे करून टाकीपाशी जाऊन उभा राहिला, की मोटर घूं करायची आणि बाईसाहेब मान खाली घालून टाकीकडे बघत बसायच्या.

शेवटी वैतागून त्याने ऑफिसला फोन लावला. "ताई, हे खुळं यंत्र बदलून द्या. आभाळ सोडून टाकीकडे बघतंय."

"थांबा दादा, इथून तपासते."

तो बोलत बोलत जिन्याकडे सरकला. घूं. अँटेना जिन्याकडे वळली.

तो कठड्यापाशी गेला. घूं.

त्याने तिच्यावरची नजर काढून समोरच्या गच्च्यांकडे पाहिलं. या गल्लीतल्या सगळ्या अँटेना त्यानेच बसवलेल्या. आभाळाकडे एकीचंही तोंड नव्हतं. सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या.

"आली की हो, दादा!" फोनवर ताई खूश होऊन म्हणाली. "अख्ख्या गल्लीत फुल रेंज. आता फक्त आहात तिथून हलू नका."