पाय उचलण्याचा व्यायाम

हैदराबादच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितले होते की, मांडीत बळ नसेल तर कृत्रिम गुडघा बसवूनही सरजाबाईंना उभे राहणे जड जाईल. यास्तव शस्त्रक्रियेपूर्वी महिनाभर दररोज तीस वेळा पाय उचलावा. आठ दिवस व्यर्थ गेले. पती दत्तराव अस्वस्थपणे अंगणात येरझाऱ्या घालीत.

"अगं, दार लावून कर की!"

"दार लावलं म्हनून काय झालं? पलीकडं मामंजी बसलेत. सासऱ्याकडं पाय वर करू व्हय?"

अखेर नवव्या दिवशी दार लावून, ओठ आवळून सरजाबाईंनी बाजेवर व्यायाम केला आणि पदर सावरून त्या उठू लागल्या.

तोच ओसरीवरून वृद्ध सासऱ्यांचा आवाज आला, "सूनबाई, बाज ईस येळाच कुरकुरली. आनखी धा राहिल्यात."