आत्याच्या आधी

घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याने तीन नियम प्राणपणाने पाळावेत: पंखा बंद, फोन बंद आणि नातेवाईक दाराबाहेर. माझी आत्या हातात फोन घेऊन पंख्याखाली बसली होती.

सोमवारी तिच्या घशाचं ऑपरेशन होतं. नंतर आवाज राहील की जाईल, हे डॉक्टरही छातीठोक सांगत नव्हते. म्हणून तिला तिच्या आईने शिकवलेलं गाणं आजच कॉम्प्युटरवर ठेवायचं होतं.

"हेडफोनमध्ये तुझा आवाज जरा उशिरा येईल," मी म्हणालो. "कॉम्प्युटरला तेवढा वेळ लागतो. लक्ष देऊ नकोस."

पहिली ओळ गाऊन ती थांबली. "उशिरा कसला डोंबलाचा? ही माझ्या आधी गातेय."

मी सेटिंग तपासलं, हेडफोनची वायर बदलली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. मग हेडफोन स्वतःच्या कानाला लावला.

समोर आत्याचे ओठ मिटलेले होते. कानात आत्या दुसरी ओळ गात होती. मधे नीट श्वासही घेत होती.

"आण इकडे," म्हणत तिने हेडफोन ओढून घेतला आणि शेवटच्या कडव्यापर्यंत नुसती ऐकत राहिली.

"बाईचा घसा अगदी मोकळा आहे रे," ती हळूच म्हणाली. "हेच ठेव. मला आता एवढं जमायचं नाही."

"ठेवतो," म्हणत मी स्क्रीनकडे वळलो.

रेकॉर्डचं बटण मी दाबलेलंच नव्हतं.